रोज सकाळी एक तक्रार

अर्ज लिहिणे हा व्यवसाय पुष्कळांस किरकोळ वाटतो. कचेरीच्या फाटकाबाहेर मोठी छत्री रोवून, टेबल मांडून बसलेला मनुष्य पोटापुरते खरडत असतो, यापलीकडे शिकलेल्या लोकांची समजूत जात नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. तरीही मी नि:संकोचपणे नमूद करतो की, नव्वदच्या दशकात बेलापुरातील आमच्या कचेरीत जे अर्ज साहेबांनी शेवटपर्यंत वाचले, त्यांतील बरेचसे माझ्या हातचे होते. माझे अक्षर वळणदार होते, आणि भाषा अशी होती की वाचणाऱ्याने आधी खुर्ची सरळ करून घ्यावी.

माझ्याकडे सर्व प्रकारचे लोक येत. जासईकडची मंडळी नव्या शहरासाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यातील भूखंडासाठी येत. बाजारात पोती वाहणारे आमच्या साताऱ्याकडचे गडी शिधापत्रिकेसाठी येत. नव्या इमारतींतील चष्मेवाले गृहस्थ पाण्याच्या तक्रारीसाठी येत, आणि फाडफाड इंग्रजी येत असूनही मराठी अर्ज माझ्याकडूनच लिहवून घेत. या सर्वांना मी अर्ज हाती देताना एक वाक्य न चुकता सांगत असे. "अर्ज देऊन घरी बसाल, तर अर्जही घरी बसेल. फाइलीला पाय नसतात, ती अर्जदाराच्या चपलांनी चालते. दहा मिनिटे या, पण रोज या." हे वाक्य माझे स्वत:चे होते आणि मला त्याचा अभिमान होता. ते एके दिवशी माझ्याच घरात माझ्यावर बजावले जाईल, अशी मला कल्पना नव्हती.

त्या वर्षी गणपती उठले आणि कचेरीच्या फाटकावर एक सूचना लागली. येत्या एप्रिलपासून हस्तलिखित अर्ज स्वीकारले जाणार नाहीत, टंकलिखित अर्जच घेतले जातील. मी ती सूचना तीनदा वाचली. तिच्यातील भाषा सदोष होती, परंतु अर्थ स्पष्ट होता.

फाटकाच्या दुसऱ्या बाजूस एक तरुण अर्जनवीस बसत असे. वय पंचविशीच्या आत, अंगात जीनची विजार, आणि पुढ्यात मराठी टाइपरायटर. त्याची भाषा पाहावी तर 'सविनय' आणि 'विनंती' यांच्यामध्ये काही मजकूरच नसे. परंतु यंत्र त्याच्यापाशी होते, माझ्यापाशी नव्हते. सूचना लागली त्या दुपारी तो चहाचा ग्लास घेऊन माझ्या छत्रीखाली आला.

"काका, टेन्शन कशाला घेता? तुमी बोला, मी छापतो. आपली पार्टनरशिप."

"पार्टनरशिप बरोबरीच्यांत होते," मी म्हणालो.

"मग मी तुमाला बरोबरीचा करून घेतो ना!"

चहावाल्यासकट सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणे त्याहून वाईट दिसले असते. परंतु त्या विनोदातील मथितार्थ मला पुरता कळला होता. एप्रिलपर्यंत मला टाइप करता आले नाही, तर माझी छत्री मिटणार, आणि त्या पोराच्या शेजारी स्टुलावर बसून मी मजकूर सांगणार, तो छापणार. इतक्या वर्षांची माझी जागा जाणार. मी त्याच क्षणी मनोमन संकल्प सोडला की, यंत्र घ्यायचे आणि शिकायचे.

संकल्पांच्या बाबतीत मी कधीच कमी पडलो नाही. माझे संकल्प नेहमी दणकट असत.

प्रथम मी नेरूळला आमच्या घराजवळील टायपिंगच्या क्लासची चौकशी करावयास गेलो. काचेच्या दारातून पाहिले तो सर्व यंत्रांवर दोन वेण्या घातलेल्या मुली, आणि रिकामे स्टूल एकच, तेही दोन मुलींच्या मधोमध. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मी दारावरील वेळापत्रकाची भाषा तपासत असल्यासारखा थोडा वेळ उभा राहिलो आणि परतलो. मग दसऱ्याच्या आधी एक जुने यंत्र विकत घेऊन घरी आणले. त्याच्यासोबत कोणत्या बोटाने कोणती कळ दाबावी याची एक सरावाची पुस्तिकाही मिळाली.

दसऱ्याला आमच्याकडे ज्याने त्याने आपापल्या हत्याराची पूजा करण्याची रीत आहे. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो, तसे मी यंत्र पुजले. पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला, आपट्याची पाने ठेवली. पुजलेले हत्यार त्या दिवशी वापरायचे नसते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून आरंभ करण्याचे ठरले. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतीने देवपूजा आटोपून उरलेले एक फूल सहज यंत्रावर ठेवले. देवावरचे फूल दुपारच्या आत काढू नये, असे आमच्याकडे मानतात, आणि दुपारी मी कचेरीत असे. तिसऱ्या दिवशीही फूल आले. पुढे पुढे उदबत्तीही तिकडे फिरू लागली.

अशा रीतीने यंत्राचा देव झाला. दिवाळीपर्यंत त्याला हात लावण्याची माझी छाती होईना. दिवाळीनंतर करू म्हटले, तर पाहुणे आले. गावाकडची एक म्हातारी आत्या यंत्रासमोर हात जोडून बराच वेळ उभी राहिली आणि हळूच विचारती झाली, "ह्यो कुठला देव म्हनायचा, बाबा?" मी म्हणालो, "सरस्वतीचाच प्रकार आहे." तिने दोन्ही हातांनी कानशिलांवर बोटे मोडली. त्यानंतर मी सोमवार धरला, मग पुढला सोमवार धरला, मग मार्गशीर्षातले गुरुवार आले. प्रत्येक वेळी संकल्प नवा आणि पहिल्याइतकाच भक्कम. फाटकाशी तो तरुण रोज विचारी, "काका, मशीन काय म्हनतंय?" मी उत्तर देई, "सिद्धता चालू आहे."

संक्रांत आली. सौभाग्यवती स्वयंपाकघरात तीळ भाजत होती आणि मी पाटावरील यंत्राकडे पाहत बसलो होतो. ती काही शिकलेली नाही, परंतु बोलण्यात तिला कोणी अडवू शकत नाही.

"आवं, देव म्हातारा व्हाया लागला," ती म्हणाली. "कवा हात लावनार त्येला?"

"अगं, मन लागावे लागते. एकदा मन लागले, की मग पाहा."

"मन लागंस्तवर बसायचं व्हय? आन् लोकास्नी काय सांगता? रोज या, फायल चपलांनी चालती म्हनून! कचेरीच्या दारात लोकं काय मन लागतंय म्हनून येत्यात?" तिने कढईत उलथने आपटले. "मग तुमच्या चपला कुठं गेल्या?"

वाक्य माझे होते. त्याला प्रतिवाद असता, तर तो कचेरीतल्या लोकांनी मला आधीच ऐकवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने यंत्रावर फूल ठेवले नाही. यंत्र पाटावरून उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या लहान टेबलावर ठेवले, पुढे स्टूल मांडले, आणि गॅसवर मोकळे पातेले ठेवून ती हाताची घडी घालून उभी राहिली. मी स्टुलावर बसलो, की पातेल्यात पाणी पडणार, असा तिचा नियम होता. चहावाचून मी दिवसाला तोंड देऊ शकत नाही, हे तिला ठाऊक होते. मी बसलो.

आता अडचण निराळीच निघाली. पुस्तिकेत सरावासाठी शब्द दिले होते: कर, सर, कार, सार. एका पानावर तेच, दुसऱ्या पानावरही तेच. बोटे कळांवर ठेवावीत आणि ती तिथेच राहावीत. मी कागद काढून पुन्हा सरळ बसवी, रिबिन तपासी, दसऱ्याची हळद कळांच्या फटीत घट्ट बसली होती ती काडीने काढी. चहा होई, तोवर दोनतीन ओळी झालेल्या असत आणि त्यांत 'कर'पेक्षा 'रक'च अधिक असत.

कारण मला कळत होते, पण उपाय सापडत नव्हता. वीस वर्षांत मी समोर कोणी बसलेले नसताना एक ओळही लिहिलेली नाही. समोर मनुष्य बसतो, सुस्कारा टाकतो, "काय सांगायचं, दादा," असे म्हणतो, आणि माझा हात आपोआप कागदाच्या उजव्या कोपऱ्यात दिनांक घालू लागतो. भावाला पत्र लिहायचे असले तरी मी सौभाग्यवतीला समोर बसवून "काय कळवायचे?" असे विचारतो. समोर गाऱ्हाणे नसेल, तर माझ्या हाताला प्रयोजन उरत नाही. 'कर, सर, कार, सार' यांत कोणाचे गाऱ्हाणे होते?

तरीही मी रोज बसत होतो, पाण्याला उकळी फुटण्याच्या आशेने. आणि अशाच एका सकाळी दाराची घंटा वाजली.

खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. मूळ रत्नागिरीकडचे, तळोज्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, स्वभावाने सज्जन परंतु जिभेला धार. कंपनीची बस त्यांना सकाळी नाक्यावरून घेई. ते दारात उभे होते, अंगात बनियन, डोळ्यांत झोप.

"अहो महाशय, पहाटे पहाटे इन्स्टिट्यूट काढलंत की काय? माझ्या डोक्यावर खिळे ठोकताय असं वाटतं. सोसायटीत लेखी तक्रार करीन, सांगून ठेवतो."

यावर मी काय केले, ते आज आठवले तरी मला नवल वाटते. मी अदबीने समोरची खुर्ची दाखवली आणि म्हणालो, "या, बसा. लेखी करायची, तर नीट करू. सांगा."

"कुणाविरुद्ध, ते ठाऊक आहे ना?"

"अर्जनविसाने ते पाहायचे नसते. सांगा."

ते बसले. त्यांनी सुस्कारा टाकला. आणि माझी बोटे चालू लागली. हाताने लिहिताना आपण आधी 'व' लिहितो, मग त्याला वेलांटी देतो, यंत्रावर पहिली वेलांटी आधी दाबावी लागते. इतके दिवस मी तिथेच अडखळत होतो, परंतु त्या सकाळी 'सविनय' शब्द माझ्या नकळत उमटून गेला. गृहस्थ सांगत होते, "दिवसभर ॲसिडच्या वासात उभा राहतो मी, रात्री झोप लागता लागत नाही, आणि जरा डोळा लागला की ह्यांचं टकटक टकटक!" मी लिहीत होतो, 'अर्जदार हा दिवसभर कष्टाची सेवा बजावून विश्रांतीस सर्वस्वी पात्र असून...' वेग बेताचा होता, अक्षरे काही ठिकाणी एकमेकांवर बसली होती. परंतु चहा उकळला, तेव्हा अर्धे पान पुरे झाले होते.

त्यांनी कागद हातात घेऊन वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा चेहरा गंभीर झाला. "मी इतका कष्टी आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं हो," ते म्हणाले, आणि त्यांनी खाली सही केली. मी तो अर्ज स्वीकारला, पोच लिहून दिली, आणि तिघांनी चहा घेतला. त्याच दुपारी सौभाग्यवतीने जुन्या लुगड्यांची जाड वाकळ चौघडी करून यंत्राखाली घातली. खालच्या मजल्यावर आता बारीकशी टिकटिक जाई, एवढेच. गृहस्थांनी तक्रार मागे घेतली नाही, परंतु पुढेही रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर बसून पुस्तिका उघडणार, तोच सौभाग्यवतीने पातेल्यात पाणी ओतले, पदर खोचला आणि समोरची खुर्ची ओढून बसली. काल तिने सर्व पाहिले होते.

"लिवा. माजी तक्रार हाय."

"कोणाविरुद्ध?"

"नळाविरुद्ध. करंगळीएवढी धार येती, घागर भरंस्तवर मान मोडती. लिवा."

मी लिहिले. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याविरुद्ध, तिसऱ्या दिवशी माझ्या बहिणीविरुद्ध, चौथ्या दिवशी छत्रीविरुद्ध, कारण ती मी ओली आणून दाराशी टेकवतो. ती भराभर बोले. मी म्हणे, "जरा सावकाश." त्यावर तिचे उत्तर ठरलेले, "कचेरीत आलेली मान्सं काय थांबत्यात व्हय? लिवा." सरावाची पुस्तिका मी केव्हा मिटून ठेवली, ते स्मरत नाही.

एकदा ती बोलता बोलता थांबली. चहा उतू जाईल असे मला वाटले, पण ती गॅसकडे पाहत नव्हती. "ह्ये बी लिवा," ती म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं सकाळी सकाळी एवढं बसून माजं कुनी आयकलं न्हवतं." ते वाक्य मी टाइप केले. नियमाप्रमाणे त्याखाली 'तरी मेहेरबानांनी योग्य तो विचार व्हावा' ही ओळ घातली. त्यानंतर कागद यंत्रातून काढावयास मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

माझा अनुभव असा आहे की, चांगला संकल्प मनाच्या हवाली केला तर मन त्यास मुहूर्त शोधत बसते. तो पातेल्याच्या हवाली करावा. मला एकदा ताप होता. तेव्हाही तिने चहा ठेवला, समोर बसली आणि म्हणाली, "आज एकच वळ. डाक्टरविरुद्ध." एक ओळ झाली. घरात लग्नाची मंडळी उतरली होती, तेव्हा आम्ही मोरीच्या दाराशी यंत्र नेऊन एक ओळ केली. आज बसावे की न बसावे, हा प्रश्न मला कोणी विचारीनासे झाले, आणि मीही स्वत:ला विचारीनासा झालो. होळी गेली, पाडवा गेला. मुहूर्ताची म्हणून जी जी तिथी मी पूर्वी धरली असती, ती ती आली आणि साध्या दिवसासारखी निघून गेली.

एप्रिलच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी मी यंत्र रिक्षातून कचेरीशी नेले आणि खाली वाकळ घालून माझ्या टेबलावर मांडले. तरुणाने मान वर केली. त्याच्यापुढे आधीच रांग होती.

"काका, पूजा बांधलीय की काय?"

मी यंत्रात कागद बसवू लागलो. चारचौघांत मी अद्याप एक ओळही टाइप केली नव्हती. इथे चुकलो असतो, तर सायंकाळपर्यंत मी त्याच्या स्टुलावर असतो.

तेवढ्यात जासईची एक म्हातारी फाटकाशी आली. तिच्या घरचे दोन अर्ज मी पूर्वी हाताने लिहिले होते. तरुणाने हाक मारली, "आजी, हिकडं या, आता छापूनच लागतो." तिने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या समोरच्या स्टुलावर येऊन बसली.

"तो पोरगा लय घाईन हाय. माजा आयकून घेत नाय," ती म्हणाली. "दादा, तुना येतं का ह्या यंत्रावरशी?"

"सांगा तर खरे, आजी."

तिने सुस्कारा टाकला. "काय सांगाचा, दादा. जमीन गेली. प्लाटाच्या कागदावर नवऱ्याचा नाव हाय, तो वारला. आता माजा नाव लावाचा हाय."

दिनांक उमटला. मग 'सविनय', आणि मग सगळेच. ती सांगत होती आणि मी समोर तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, जसा घरी पाहत असे. बोटांकडे पाहण्याची मला आठवणच झाली नाही. तिच्या जमिनीत भात कसा होई, बांधावर जांभळाचे झाड कसे होते, हे अर्जात लागत नव्हते, तरी ते मी थोडेसे घातले, कारण साहेबाने खुर्ची सरळ करावी, ही माझी पद्धत मी यंत्रासाठी सोडणार नव्हतो. म्हातारीने अंगठा उठवला आणि ती कचेरीच्या खिडकीकडे गेली. मी तिच्या पाठीकडे पाहत बसलो. दुसरे गिऱ्हाईक समोर येऊन उभे होते, त्याला मी हाताने थांबवले.

ती परत आली, तेव्हा तिच्या हातात शिक्का मारलेली पोच होती.

"घेतला," ती म्हणाली. "आता रोज येवाचा ना?"

"रोज, आजी. दहा मिनिटे, पण रोज."

दुपारी तरुण स्वत: दोन चहा घेऊन आला. मी छापलेला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा अर्ज हातात धरून तो बराच वेळ वाचत होता. "काका, क्लास कुठला लावला?"

"घरगुती."

"सर कोण हायत?"

"आहेत. तक्रारखोर आहेत."

त्या सायंकाळी मी यंत्र आणि मिठाईचा पुडा घेऊन घरी गेलो आणि निर्धास्तपणे झोपलो. कार्य सिद्धीस गेले होते. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, निदान माझ्या कचेरीला तरी. सकाळी उशिरा डोळे उघडून पाहतो, तो सौभाग्यवतीने यंत्र पुसून पुन्हा पाटावर मांडले होते आणि त्याच्यावर जास्वंदीचे एक ताजे फूल ठेवले होते. आनंदानेच ठेवले होते, हे उघड होते. मी पांघरूण पुन्हा अंगावर ओढणार होतो.

तोच घंटा वाजली. दारात खालचे गृहस्थ उभे. एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल कोरडा.

"आज वाजलं का नाही?" त्यांनी दरडावून विचारले.

"काय वाजले नाही?"

"तुमचं ते टकटक! दोन महिने गजर लावलेला नाही मी. तुमचं सुरू झालं की उठायचं, चहासाठी थांबलं की अंघोळीला जायचं. आज बस निघून गेली, महाशय! लोकांना एकदा सवय लावलीत, तर ती पाळायला नको? याची लेखी तक्रार करणार आहे मी."

मी सौभाग्यवतीकडे पाहिले. दुपार व्हायला पुष्कळ अवकाश होता. तरी तिने पुढे होऊन यंत्रावरचे फूल उचलले, देव्हाऱ्यात ठेवले, आणि पातेल्यात तीन कप पाणी ओतले. मी स्टूल ओढले, कागद बसवला, आणि उजव्या कोपऱ्यात दिनांक घातला.

"बसा," मी गृहस्थांना म्हणालो. "सावकाश सांगायची गरज नाही."